तुम्ही विचारलंत म्हणून: या वयात ही पुस्तकं?

प्रश्न साधारण असा असतो: "मॅडम, तुम्ही अजून ती शाळकरी पोरांची पुस्तकं वाचता? आणि जी अजून छापूनही आली नाहीत त्यांच्या तारखा पाठ करून ठेवता?" स्टाफरूममध्ये विचारून झालंय, लग्नाच्या पंगतीत विचारून झालंय. एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, मी तोंड उघडून खुर्चीत पडलेली असताना. आजवर समोरचा माणूस बघून उत्तर देत आले. आता लिहूनच ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी नुसतं पुढे करता येईल.

आधी तारखांचं. अमेरिकेतली नवी पुस्तकं बहुतेक मंगळवारी येतात, इंग्लंडमधली गुरुवारी. इंग्लंडचे लेखक फिलिप पुलमन यांच्या 'द बुक ऑफ डस्ट' या कादंबरीमालेचं पहिलं पुस्तक १९ ऑक्टोबर २०१७ला आलं, गुरुवारी. त्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं. दुसरं २०१९च्या नवरात्रात आलं. मग सहा वर्षं त्यातल्या नायिकेचं, लायराचं, पुढे काय झालं याचा पत्ता नाही. तिसरं आलं २३ ऑक्टोबर २०२५ला, नेमकं भाऊबीजेला. भाऊ पाटावर बसलेला, मी निरांजन लावतेय आणि लक्ष सगळं आतल्या खोलीतल्या किंडलवर. तो म्हणाला, "ताई, आधी ते संपव, मग ओवाळ." चेष्टेनेच म्हणाला, पण मी क्षणभर विचार केला हेही खरं. तिकडच्या प्रकाशकाला आपल्या पंचांगाशी काय घेणं? तरी माझ्या दिवाळ्या मला आता याच हिशोबाने आठवतात.

आणि दिवाळी अंकांची वाट बघणाऱ्यांना कुणी काही विचारत नाही, हेही नोंदवून ठेवते.

पुढे काय होणार म्हणून ही वाट बघायची असते, असा बऱ्याच जणांचा समज आहे. तसं असतं तर 'हंगर गेम्स' या कादंबरीमालेतल्या 'सनराइज ऑन द रीपिंग'साठी कुणी थांबलंच नसतं. ते १८ मार्च २०२५ला आलं, मंगळवारी. त्यात जुन्या भागांतला हेमिच कोवळ्या वयात, मुलांना एकमेकांना मारायला लावणाऱ्या जीवघेण्या खेळात कसा उतरला आणि कसा जिंकला ते आहे. पण तो जिंकला, आणि साधारण कसा जिंकला, हे 'हंगर गेम्स'च्या २००९च्या भागातच सांगून झालं होतं. त्याचा पुढे दारुडा झाला तेही सगळ्यांना माहीत. तरी मी महिनाभर आधीपासून जुने भाग काढून बसले होते. प्रश्न एवढाच होता की ज्याला आपण चिडका, पिऊन पडलेला म्हातारा म्हणून ओळखतो, तो त्या वयात आपल्याला आवडेल का. आवडला. फार आवडला, आणि म्हणूनच ते पुस्तक वाचवेना.

आता वयाचं. इथे माझ्याकडे वादाचा साठा मोठा आहे. 'कोसला' १९६३ साली आली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते, आणि पांडुरंग सांगवीकर तर कॉलेजातला पोरगा. साठीचे गृहस्थ ती कादंबरी उशाशी ठेवतात, त्यांना कुणी म्हणतं का की काका, आता मोठ्यांचं काहीतरी वाचा? मिलिंद बोकीलांच्या 'शाळा'तला मुकुंद जोशी नववीत आहे. ती वाचून गहिवरलेले बँक मॅनेजर मी पाहिलेत. अमेरिकेत एस. ई. हिंटन यांचं 'द आउटसायडर्स' १९६७ साली आलं तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. आणि २०१२ साली बाउकर या कंपनीच्या पाहणीत असं निघालं होतं की तिकडे किशोरांसाठीची पुस्तकं विकत घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोक अठरा वर्षांचे किंवा त्याहून मोठे आहेत. तीन-चार वर्षं मी हा आकडा लोकांच्या तोंडावर फेकत असे.

आता फेकत नाही. दहातले पाच-सहा जण तेच करतात, हे काही कारण झालं नाही. २०१४ साली 'स्लेट' या अमेरिकन ऑनलाइन नियतकालिकात एका बाईंनी लिहिलं होतं की काय हवं ते वाचा, पण मुलांसाठी लिहिलेलं वाचताना मोठ्यांना लाज वाटायला हवी. तेव्हा मी रागाने लालबुंद झाले होते. हल्ली तो लेख आठवला की वाटतं, निदान त्या बाईंनी प्रश्न सरळ विचारला, गालातल्या गालात हसल्या नाहीत.

स्टाफरूमसाठी माझं एक ठेवणीतलं उत्तरही होतं: "इंग्रजी शिकवते ना मी, पोरांच्या डोक्यात काय चाललंय ते कळायला नको?" हे उत्तर सगळ्यांना पटायचं, कारण त्यात कर्तव्य होतं. पण साताऱ्यातल्या अकरावीच्या पोराच्या डोक्यात काय चाललंय ते 'हंगर गेम्स'मधल्या पनेम देशाच्या डिस्ट्रिक्ट बारावरून कसं कळणार? मी तिथे जाते ते मोठी माणसं बघायला. मोठ्यांच्या कादंबऱ्यांत मोठ्यांना कारणं असतात. घराचे हप्ते, नोकरी, तब्येत, चार लोकांचं तोंड. लेखक ती इतकी समजूतदारपणे मांडतो की शेवटी सगळ्यांनाच माफ करावंसं वाटतं. सोळा वर्षांच्या पोरीला ही कारणं अजून पटलेली नसतात. ती नुसतं बघते: तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही काही केलं नाहीत. माझं वय आता ज्यांच्याकडे असं बघितलं जातं त्यांचं आहे.

हे मला पुस्तक वाचून सुचलेलं नाही.

कोविडच्या आधीची गोष्ट. माझ्या कपाटातली पुस्तकं मी मुलांना द्यायचे, वहीत नाव लिहून. अकरावीतल्या एका मुलीला मी लॉरी हॉल्स अँडरसन यांचं 'स्पीक' दिलं. १९९९चं पुस्तक, नववीतल्या मेलिंडाचं. सुट्टीतल्या एका पार्टीत तिच्यावर बलात्कार होतो. ती पोलिसांना फोन लावते, पण काय झालं ते कुणालाच सांगू शकत नाही. पोलीस आल्यामुळे पार्टी उधळते, म्हणून सगळी शाळा तिला वाळीत टाकते आणि ती हळूहळू बोलणंच सोडते. पुस्तक कशावर आहे ते देण्याआधी मी मुलीला सांगितलं होतं. ती म्हणाली, "चालेल."

आठवड्याभराने तिची आई आली. उपप्राचार्यांच्या केबिनमध्ये मला बोलावलं. मला वाटलं होतं, न वाचताच भांडायला आल्या असतील. तसं नव्हतं. बाईंना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी पानापानाचे मोबाइलवर फोटो काढून ती मराठीत करून वाचली होती, चाळीसेक पानं. मोबाइलने त्या मजकुराचं काय केलं असेल ते देवाला ठाऊक, पण विषय त्यांना बरोबर कळला होता. आवाज अजिबात चढवला नाही. म्हणाल्या, "मॅडम, पुस्तक वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण हे तिला आत्ताच कशाला कळायला पाहिजे?"

मी म्हटलं, "कळलेलं बरं असतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला मुलं नाहीत ना?"

उपप्राचार्य खिडकीबाहेर बघायला लागले. मुलगी दारातच उभी होती, बॅग पोटाशी धरून. माझ्याकडे उत्तरं होती. मुलं नसली तरी मीही कधीकाळी सोळा वर्षांची होते, हे एक. दुसरं होतं ते त्या वयात माझ्या बाबतीत काय घडलं होतं आणि घरात ते कुणाला सांगता आलं नव्हतं त्याबद्दल. ते मी तिथे सांगणार नव्हते आणि इथेही सांगत नाही. मी म्हटलं, "ठीक आहे." पुस्तक परत घेतलं, वहीतल्या नावावर रेघ मारली. पुढच्या आठवड्यात कपाटच घरी न्यावं असं सुचवण्यात आलं. नेलं.

मी बरोबर केलं की चूक, यावर माझं माझ्याशीच अजून भांडण आहे. नोकरी होती, त्या बाई पोरीची आईच होत्या, आणि त्या घाबरल्या होत्या हे मला दिसत होतं. आहेत ना, कारणं आहेत. पण मुलगी दारात होती, आणि ती कशी बघत होती ते मी अनेक पुस्तकांत वाचलेलं होतं.

दोन दिवसांनी जिन्यात भेटली. "मॅडम, ती शेवटी बोलते का?"

स्पॉयलर देणाऱ्यांशी मी मैत्री तोडलेली आहे. तरी सांगितलं, "हो. बोलते." ती मान हलवून वर्गात गेली. पुढे बारावी होऊन बाहेरगावी गेली. तो विषय आमच्यात परत निघाला नाही.

तर, मुलं नाहीत म्हणून ही पुस्तकं वाचता का? खरा प्रश्न हाच असतो, बाकीचे लोक तो वळसा घालून विचारतात एवढंच. पूर्वी मी ताडकन "नाही" म्हणायचे. माझ्या बहिणीला दोन मुलं आहेत, ती यातलं एकही पुस्तक वाचत नाही, आणि माझी एक मैत्रीण तीन मुलांची आई असून माझ्यापेक्षा जास्त वाचते, असे दाखले द्यायचे. आता "नाही" म्हणताना मध्ये जरा वेळ जातो. थोडं असेलही. पण मला मुलगी असती तर तिच्या हातात मी 'स्पीक' दिलं असतं की मोबाइलवर फोटो काढत बसले असते, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. त्या बाईंना निदान तेवढं माहीत होतं.

कपाट आता माझ्या बेडरूममध्ये आहे. तारखांची वही चालू आहे. जी मुलं मागतात त्यांना पुस्तकं अजून देते, कुठे आणि कशी ते विचारू नका.

एक राहिलंच. इतकी वर्षं इतक्या जणांनी 'का वाचता' विचारलं, पण सहा वर्षं थांबून हाती आलेलं पुलमनचं ते पुस्तक कसं होतं, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. मला शेवट पटलेला नाही. का ते सांगायला अर्धा तास लागेल, आणि ज्यांनी वाचलेलं नाही त्यांना मी शेवट सांगणार नाही. आधी वाचा.