पदराची गाठ

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘शाळेविषयी काहीही लिहा’ असे पत्र आले आणि लिहायला बसल्यावर पहिलीच्या बाईंपलीकडे जाताच येईना. बाकीच्यांविषयी इतर माजी विद्यार्थी लिहितीलच. बाईंनी कित्येक मुलांना वाचायला शिकवले. ते नेमके कसे, हे पहिली-दुसरीच्या शिक्षकांची प्रशिक्षणे घेताना मला आता कुठे उलगडते आहे. तेवढेच लिहिते.

बाईंचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा आठवतो ना? जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूच्या पट्ट्या, एकेका पट्टीवर एकच शब्द. एका धड्याला पाचच शब्द. ‘घर’, ‘पाणी’ असले ठाऊक शब्द त्यात नसत आणि त्या धड्याबाहेर वर्षभर पुन्हा न भेटणारेही नसत. ‘ओंजळ’, ‘कुंपण’, ‘सावकाश’ हे मात्र हमखास. शब्दाचा अर्थ शब्दाने सांगायचा नाही, हा बाईंचा दंडक. ‘सावकाश म्हणजे मंद गतीने’ म्हटले की मुलासमोर एकाच्या जागी दोन अनोळखी शब्द येतात. बाई सावकाश चालून दाखवत, मग भरभर. नंतर मुलांनी आपापले वाक्य करायचे. तीच पट्टी दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि पुढच्या सोमवारी पुन्हा निघे. अडला तो शब्द परत डब्यात. शब्दार्थ पाच-पाच वेळा उतरवून घेणे त्यांच्या वर्गात नव्हतेच. त्याने हात वळतो, अर्थ डोक्यात शिरत नाही.

एकदा एका मुलाने ‘आजीने पदराला गाठ मारली’ हे वाक्य न अडखळता वाचले. आजीने काय केले, असे विचारल्यावर म्हणाला, “पदराला मारलं.” वर्ग हसला, बाई हसल्या नाहीत. त्यांनी पाकिटातून एक नाणे काढले, आपल्या पदराच्या टोकात ठेवले, गाठ मारली आणि त्या मुलाला ती सोडायला लावली. गाठ घट्ट होती. त्याला दात लावावे लागले. मग फळ्यावर ‘गाठ मारली’ या दोन शब्दांभोवती एकच गोल. हे दोन शब्द मिळून एक काम करतात, सुटे वाचले की अर्थ निसटतो. त्या आठवड्यात गाठ सुटली, गाठ पडली, गाठोडे, खूणगाठ असा सगळा गोतावळा डब्यात आला.

मराठी वाचताना मूल अनेकदा अडते ते सामान्यरूपापाशी, म्हणजे प्रत्यय लागताना बदललेल्या शब्दापाशी. ‘विहीर’ येते, ‘विहिरीपाशी’ येत नाही, कारण शेपूट तर लागतेच, शिवाय मूळ शब्दही बदलतो. बाई पट्टीचा ‘पाशी’ एवढा भाग मागे दुमडत. उरलेले ‘विहिरी’ वाचून झाले की घडी उलगडायची. तसेच ‘चव’ हा शब्द ‘चहा’तल्या च ने वाचला की रोजच्या जेवणातला शब्दही मुलाला परका वाटतो. तिथे अक्षर चुकले म्हणायचे नाही. दोन्ही उच्चार करून ओळखीचा कोणता, एवढेच विचारायचे. अक्षर-अक्षर जुळवत वाचणाऱ्याला वाक्याच्या शेवटी सुरुवात आठवत नाही. म्हणून तेच वाक्य लगेच दुसऱ्यांदा, खडूच्या उभ्या रेघांनी तुकडे पाडून: पाटील आजोबा / विहिरीपाशी / बसले.

आणि बाईंचा तो प्रश्न, ‘कशावरून?’ याचे मोल फार उशिरा कळले. ‘झिपू टोपरात गेला’ असे निरर्थक वाक्य दिले, तरी ‘झिपू कुठे गेला?’ याचे उत्तर कोणीही देईल. वाक्यातलेच शब्द परत केले की झाले, त्यात समजणे नाही. ‘बाबांनी ओली छत्री दाराशी उघडून ठेवली’ यात पाऊस हा शब्दच नाही. बाहेर काय चालले होते, ते मुलाने ओळखायचे आणि कशावरून म्हटल्यावर ‘ओली’ आणि ‘छत्री’वर बोट ठेवायचे. पुस्तक उघडे ठेवूनच, कारण परीक्षा पाठांतराची नव्हती.

आता मोबाइलवर वेळ लावून वाचन मोजले जाते. 2021 साली सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानात दुसरीसाठी मिनिटाला 45 ते 60 शब्द आणि तिसरीसाठी किमान 60 शब्द हे लक्ष्य आहे, तेही अर्थासह. पण ‘अर्थासह’ मोजायला घड्याळ पुरत नाही, म्हणून घाईत तेच गळते. शिवाय ‘घरासमोरच्या’ एवढा लांब शब्दही मराठीत मोजताना एकच धरला जातो. ही घाई पाहिली की जीव तुटतो. प्रशिक्षणात मी मिनिट संपल्यावर दोन प्रश्न हवेतच, असा हट्ट धरते. त्यातला एक ‘कशावरून’चा.

महोत्सवाच्या प्रदर्शनात बाईंचा डबा मांडणार असाल, तर माझी एक विनंती आहे. तो काचेच्या कपाटात ठेवू नका. पहिलीच्या मुलांचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, झाकण उघडे ठेवून मांडा.