चिलर कुठे ठेवायचा? आधी कूलरची हवा कुठून बाहेर जाते ते बघा

भुसावळात घरी खाऱ्या पाण्याचा टँक ठेवलाय म्हटलं की समोरचा पहिल्यांदा मिठाचंच विचारतो. मुंबईचा समुद्र इथून साडेचारशे किलोमीटर, पाणी आणतो कुठून? अहो, मिठाचं काही अवघड नाही. आरओचं पाणी घ्यायचं, त्यात टँकसाठी मिळतं ते समुद्री मीठ विरघळवायचं, पाण्याची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरवर १.०२५ आलं की जमलं. अवघड जातो तो मे महिना. बाहेर पारा ४५ च्या पुढे, रात्री दहाला भिंतीला हात लावला तरी चटका, आणि टँकमधल्या क्लाउनफिशच्या जोडीला पाणी हवं २५-२६ अंशाचं. पाणी तापलं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो, आणि माशाला नेमका तेव्हाच जास्त लागतो. (प्रवाळ मी ठेवत नाही. जिवंत प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत, दुकानदार काहीही सांगो.)

तर पाणी थंड ठेवायला चिलर लागतोच. किती लिटरला केवढा घ्यायचा ते त्याच्या खोक्यावर लिहिलेलं असतं. कुठे ठेवायचा, ते मात्र आपल्या गावच्या हिशोबाने कुणी सांगत नाही.

माझा धंदा मोटर वाइंडिंगचा, त्यामुळे यंत्राकडे बघायची सवय जरा वेगळी. चिलर म्हणजे पाण्याचा फ्रीज. पाण्यातली उष्णता उचलतो, त्यात कॉम्प्रेसरची स्वतःची मिसळतो आणि जाळीतून बाहेर फेकतो. २०० लिटर पाणी एका अंशाने उतरवायचं तर साधारण २३० वॉट-तास उष्णता कुठेतरी टाकावी लागते. ती कुठे पडणार, हा खरा प्रश्न आहे. जागा त्यावरून ठरते.

सुतार सगळे एकच सांगतात. ‘भाऊ, टँकच्या खाली कपाटात मस्त बसतो, दिसत पण नाही.’ बसतो की! एका ओळखीच्यांकडे तसाच बसवलेला होता. मी क्लॅम्प मीटर घेऊन गेलो. कपाटाचं दार उघडं असताना करंट ठीक होता. दार लावलं, आणि थोड्या वेळाने आकडा चढायला लागला. आत हात घातला तर भट्टी. जी गरम हवा फेकतोय तीच परत ओढतोय, मग कॉम्प्रेसर बंद व्हायचं नावच घेत नाही. लाइट बिल वाढतं, आणि पाणी २८ च्या खाली काही उतरत नाही. कपाटातच ठेवायचा हट्ट असेल, तर मागची फळी काढा आणि गरम हवा ओढून बाहेर टाकणारा पंखा लावा. पण मग दिसायचं ते दिसतंच.

दुसरी टूम गॅलरीची. ‘आवाज बाहेर, गरमी बाहेर.’ मुंबईच्या ३३-३४ अंशात चालत असेल. इथे दुपारी गॅलरीत ४५ ची हवा चिलरला खायला घालणार का? त्यात पश्चिमेचं ऊन. केळीच्या बागेला पश्चिमेकडून शेवरी लावतात तशी चिलरला लावता येत नाही.

खानदेशात आपल्याकडे एक गोष्ट फुकटात असते, ती म्हणजे कूलर. हवा कोरडी असल्यामुळे मेमध्ये तो २८-३० अंशाची हवा सहज देतो. अट एवढीच की समोरची खिडकी किंवा दार उघडं हवं. ती हवा खोलीतून वाहत जाऊन दुसऱ्या टोकाने बाहेर पडते. चिलर त्या दुसऱ्या टोकाला ठेवा, गरम हवा सोडणारी बाजू दाराकडे करून. ओढतो थंड हवा, सोडतो ती गरम हवा तशीच दाराबाहेर जाते. माझ्याकडे मागच्या दाराशी दुपारी मोजलं तेव्हा ओढायच्या बाजूला ३१, सोडायच्या बाजूला ३९. कूलरच्या अगदी तोंडाशी मात्र नको, शिंतोडे उडतात. आणि जाळीसमोर दोन्हीकडे हातभर जागा मोकळी ठेवा.

मागच्या दाराशी ठेवल्याचा अजून एक फायदा. सासूबाई साक्रीकडच्या, उन्हाळ्यात येतात आणि दुपारी हॉलमध्येच आडव्या होतात. ‘जवाईबापू, मासास्ले बी कूलर लागस का?’ (माशांनाही कूलर लागतो का?) एवढंच म्हणाल्या, पण चिलरच्या घरघरीची तक्रार नाही.

आता टँक आणि चिलर लांब पडले, म्हणजे पाइप आला. पाइप जितका लांब आणि जितके एल्बो जास्त, तितका पंपाचा फ्लो पडतो, म्हणून पंप घेताना थोडा जास्त ताकदीचा घ्या. एसीवाले तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोम दोन्ही पाइपांवर पूर्ण चढवा, नाहीतर थंड केलेलं पाणी वाटेतच तापतं. चिलर सम्पपेक्षा, म्हणजे टँकखालच्या फिल्टरच्या टाकीपेक्षा, खाली ठेवू नका. कुठे जॉइंट सुटला तर अख्खा सम्प फरशीवर येईल. वायरीला प्लगच्या आधी खाली झोल द्या, म्हणजे पाइपावरून ओघळलेलं पाणी सॉकेटात शिरणार नाही. अर्थिंग हे सांगायची गोष्ट नाही, तरी सांगतो. आणि चिलरमधली पाण्याला लागणारी कॉइल टायटॅनियमचीच बघा. माझ्याकडे क्लीनर कोळंबी आहे, तिला तांबं म्हणजे विष.

वोल्टेजचं रडगाणं इथे सगळ्यांना माहीत आहे. संध्याकाळी १७० वर कॉम्प्रेसर कण्हतो, तेव्हा स्टॅबिलायझर हवाच. घरच्या साध्या इन्व्हर्टरवर चिलर टाकू नका, सुरू होतानाचा झटका त्याला झेपत नाही. लाइट गेली की इन्व्हर्टरवर हवेचा पंप आणि पाण्यावर झोत मारणारा छोटा पंखा चालवा. कोरड्या हवेत तो पंखा पाणी दोनेक अंशाने खाली ठेवतो. बाष्पीभवन जोरात होतं, ती तूट साध्या आरओ पाण्यानेच भरा. मीठ कुठेही उडालेलं नसतं.

जाळी साफ करणं ही आमच्याकडची खास कटकट. कपाशीच्या हंगामात जिनिंगच्या बाजूला राहणाऱ्यांना सांगायला नको, तो बारीक कापूस आणि धूळ मिळून जाळीवर नमदा बसतो. जुना टूथब्रश आणि ब्लोअर पुरतो, पण त्यासाठी मागच्या बाजूला हात पोचला पाहिजे. चिलर भिंतीला चिकटवला असेल तर ते काम कुणी करत नाही.

थंडीत रात्री पारा दहाच्या खाली जातो आणि हीटर लावावा लागतो. तेव्हा हीटर २५ वर आणि चिलर २७ वर ठेवा. दोन्ही एकाच आकड्यावर ठेवले तर एक तापवतो, दुसरा थंड करतो, आणि मीटर फिरत राहतो.