पोरांचं शिबिर, पोरंच साहेब

इकडे न्यू जर्सीत आपले लोक मुलांना स्काउटिंगला घालतात ते बहुतेक ईगल स्काउट ह्या सगळ्यात वरच्या पायरीवर डोळा ठेवून, म्हणजे किमान २१ मेरिट बॅज (एकेका विषयातलं काम पुरं केल्याचे बिल्ले), एक मोठा सर्व्हिस प्रोजेक्ट आणि मग कॉलेजच्या अर्जात एक वजनदार ओळ. पण मला विचाराल तर ह्यातली खरी गंमत एनवायएलटीत आहे, नॅशनल यूथ लीडरशिप ट्रेनिंग. मूळ कोर्स सहा दिवसांचा, पण बऱ्याच ठिकाणी दोन लाँग वीकेंडमध्ये वाटून घेतात, लेकीचा तसाच होता. (मुलींना ट्रूपमध्ये, म्हणजे स्काउटच्या पथकात, २०१९ पासून घेतात, आणि बॉय स्काउट्स ऑफ अमेरिकाचं नावही २०२५ मध्ये स्काउटिंग अमेरिका झालं, त्यामुळे "मुलगी कशी गं बॉय स्काउट?" हा आमच्या आईचा प्रश्न आता तरी सुटावा.)

मी सामानसुमान बघायला व्हॉलंटियर होते. शाळेतला आपला स्काउट आठवा, सरांची शिट्टी, झेंडावंदन, खरी कमाई, सगळं सर ठरवणार. इथे शिकवणारीच पोरं! सगळ्यांचा म्होरक्या सीनियर पेट्रोल लीडर, तोही शाळकरीच, आणि दर पेट्रोलमागे (पेट्रोल म्हणजे इंधन नव्हे, पथकातली छोटी टोळी) एक ट्रूप गाइड, म्हणजे वाट दाखवणारं पोर. मोठी माणसं असतात, सेफ्टीच्या नियमाप्रमाणे २१च्या वरची निदान दोन तरी हवीतच, पण ती कडेला कॉफी पीत बसलेली. पेट्रोल लीडर रोज बदलतो, म्हणजे आज हुकूम सोडणारा उद्या भांडी घासतो.

शनिवारी संध्याकाळी एका पेट्रोलने पास्त्याचं पाणी झाकण न ठेवताच चढवलं, वारा असा की शेगडीची ज्योत पार आडवी, पाणी काही उकळेना आणि पोरं एकमेकांवर डाफरायला लागली. माझे हात नुसते शिवशिवत होते हो! त्यांची ट्रूप गाइड, असेल सोळाएक वर्षांची, शांत बसलेली, तिने एवढंच विचारलं, "वारा कुठून येतोय?" मग एकाने लाकडी पेटी उचलून आडोसा केला, झाकण शोधलं, आणि जेवण झालं एकदाचं, अंधार पडल्यावर. नंतर त्यांची रोजची स्टार्ट-स्टॉप-कंटिन्यू बैठक, म्हणजे काय सुरू करायचं, काय थांबवायचं, काय चालू ठेवायचं, आणि त्यात एका किडकिडीत पोराने लीडरला तोंडावर सांगितलं की तू ओरडलास की मला काहीच सुचत नाही, ते थांबव. लीडरने मान खाली घालून वहीत लिहून घेतलं. आमच्या ऑफिसात असं बोलून बघा!

सगळंच काही भारी नाहीये. फॉर्मिंग, स्टॉर्मिंग, नॉर्मिंग, परफॉर्मिंग (टीम जमते, भांडते, सावरते आणि मग कामाला लागते) असले मॅनेजमेंटचे धडे तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना स्लाइडवर दाखवतात तेव्हा निम्मी जांभया देतात, आणि ते साहजिकच आहे, कारण स्टॉर्मिंग त्यांनी शेगडीपाशीच बघितलेलं असतं. ईडीजीई (EDGE) ही शिकवायची पद्धत मात्र कामाची, आधी समजावून सांग, मग करून दाखव, मग त्याच्याकडून करून घे आणि शेवटी त्याचं त्याला करू दे. आपण पालक दुसऱ्या पायरीवरच अडकतो, पोळी लाटायला बसवतो आणि लाटणं आपल्याच हातात.

कुणाला पाठवायचं असेल तर वय किमान १३ लागतं, आणि रेनकोट चांगला द्या, दुसऱ्या वीकेंडला पावसाने नुसतं झोडपलं. शाकाहारी असेल तर फॉर्मवर आधीच लिहा, नाहीतर दोन दिवस ब्रेड आणि पीनट बटर.