वेगाच्या आकड्यापलीकडचं पिचिंग

बेसबॉलची लढत टीव्हीवर लागली की प्रत्येक चेंडूनंतर पडद्याच्या कोपऱ्यात वेग झळकतो, तासाला मैलांत. ९७, ९९, १०१. समालोचक दाद देतो, चेंडू संथ गतीत पुन्हा दाखवला जातो आणि विषय तिथेच आटोपतो. मग नऊपैकी पाचव्या इनिंगमध्ये (डावात) स्टार्टरला, म्हणजे लढत सुरू करणाऱ्या पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला), बाहेर काढलं की दुसरा सूर लागतो. पूर्वीचे पिचर नऊ-नऊ इनिंग टाकायचे, आताच्यांत दम नाही! ज्या वेगाला दाद मिळते तो वेग आणि स्टार्टरचं लवकर बाहेर जाणं एकमेकांशी बांधलेलं आहे, एवढं तरी विश्लेषकाने जोडून दाखवायला हवं. ते क्वचितच होतं, आणि त्यामुळे आजच्या पिचिंगचं गणित प्रेक्षकापर्यंत पोहोचत नाही.

मुळात तो आकडा कुठे मोजतात हे कळलं पाहिजे. आज स्टॅटकास्ट ही मेजर लीगची (अमेरिकेतल्या अव्वल बेसबॉल स्पर्धेची) मोजणी यंत्रणा चेंडू हातातून सुटतानाचा वेग देते. हवेच्या विरोधाने प्लेटपर्यंत (बॅटर उभा राहतो तिथल्या जमिनीवरच्या पट्टीपर्यंत) तो साधारण ८ टक्के घटतो, म्हणजे ९५ मैलांनी निघालेला चेंडू प्लेटवर ८७ च्या आसपास येतो. १९७४ साली पिचर नोलन रायनचा चेंडू १००.९ मैल नोंदला गेला, तो प्लेटजवळ मोजलेला होता. पूर्वीच्या रडार गनही वेगवेगळ्या जागी वेग टिपायच्या. त्यामुळे जुना आकडा आणि आजचा आकडा एकाखाली एक मांडून तुलना करणारा तक्ता टीव्हीवर आला, तर त्यावर विसंबू नये. अर्थात वेग वाढलाय हे खरंच आहे. चेंडूचा मागोवा घेणारे कॅमेरे सगळ्या मैदानांत बसले त्या २००८ च्या हंगामात फोर-सीम फास्टबॉलची (सरळ, सर्वांत वेगवान चेंडूची) सरासरी ९२ च्या आत होती, २०२४ मध्ये ती ९४ च्या वर गेली. तीही एखाद-दुसऱ्या पिचरची नव्हे, सगळ्या लीगची.

पण नुसत्या वेगाने बॅटर चुकत नाही. मेजर लीगचा बॅटर सरळ येणारा ९८ चा चेंडूही मारतो. त्याला चुकवतो तो चेंडूचा आकार, म्हणजे अपेक्षेपेक्षा किती कमी पडला, किती आडवा गेला. उलट्या फिरकीमुळे (बॅकस्पिन) फोर-सीम गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबापेक्षा सरासरी १६ इंच कमी पडतो. १९-२० इंच मिळाले तर तो उत्तम. समालोचक त्याला ‘वर उठणारा’ म्हणतात, पण कुठलाच फास्टबॉल वर उठत नाही, तो बॅटरच्या अंदाजापेक्षा कमी पडतो इतकंच. अंदाज कशावरून बांधला जातो? हाताच्या कोनावरून आणि चेंडू सुटण्याच्या उंचीवरून. खालच्या कोनातून टाकणाऱ्याचे १७ इंच उंचावरून टाकणाऱ्याच्या १७ इंचांपेक्षा जास्त घात करतात, कारण त्या हातातून इतकी कमी घसरण अपेक्षितच नसते. हाताच्या कोनाची माहिती आता सगळ्यांना खुली आहे. फिरकीचा आकडा दाखवून थांबण्यापेक्षा विश्लेषकाने हा कोन सोबत ठेवला, तर मिनिटाला २३०० फेऱ्यांचा फास्टबॉल कधी कधी २५०० वाल्यापेक्षा का चालतो ते लगेच उलगडेल.

मियामीत २१ मार्च २०२३ रोजी झालेल्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकच्या अंतिम लढतीतली शेवटची झुंज घ्या. जपान ३-२ ने पुढे, नवव्या इनिंगमध्ये दोन बाद, समोर अमेरिकेचा बॅटर माइक ट्राउट आणि माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) जपानचा शोहेई ओहतानी. पहिला चेंडू स्वीपर (मंद, खूप आडवा वळणारा चेंडू), खाली, म्हणून बॉल (मारण्याच्या टप्प्याबाहेरचा, न मारलेला चेंडू). मग १०० मैलांचा फास्टबॉल, ट्राउटची बॅट हुकली. पुन्हा १००, बाहेर. पुन्हा १००, पुन्हा हुकला. पाचवा जवळपास १०२, तोही बाहेर. तीन बॉल, दोन स्ट्राइक; आणखी एक स्ट्राइक म्हणजे बाद. सहावा चेंडू ८७ चा स्वीपर. तो प्लेटच्या मध्यावर येतोय असं वाटता वाटता बाहेरच्या कडेपलीकडे गेला आणि ट्राउट बाद. लोकांच्या लक्षात तो स्वीपर राहिला, पण ते काम आधीच्या चार फास्टबॉलनी केलं होतं. १०० मैलांचा चेंडू प्लेटवर यायला ०.४ सेकंदही लागत नाहीत. त्याला पुरं पडायचं तर बॅट लवकर निघावी लागते, आणि लवकर निघालेली बॅट १३ मैल मंद, आडव्या चेंडूसाठी थांबवता येत नाही. मला टीव्हीवर हवं आहे ते हे, चेंडूंची सहाची सहा पावलं एका चित्रात.

पडद्यावर स्ट्राइक झोन (प्लेटवरची ती जागा, जिथून गेलेला चेंडू न मारताही स्ट्राइक ठरतो) दाखवणाऱ्या चौकटीचंही बोलायला हवं. मुख्य कॅमेरा सेंटर फील्डमध्ये असतो, पण पिचरच्या अगदी पाठीमागे नाही. तिथे ठेवला तर पिचरच प्लेट झाकतो, म्हणून तो लेफ्ट फील्डच्या बाजूला सरकवलेला असतो. तिरक्या नजरेमुळे कडेचा चेंडू आत होता की बाहेर, हे डोळ्यांनी ठरत नाही. शिवाय प्लेट १७ इंच रुंद आणि पुढून मागे तितकीच लांब. खाली पडणारा कर्व्ह पुढच्या कडेवर स्ट्राइक झोनमध्ये असतो आणि मागच्या टोकाशी पोहोचेस्तोवर गुडघ्याखाली. चौकट कुठल्या प्रतलावर काढली आहे त्यावर निकाल बदलतो. २०२६ पासून पंचाच्या बॉल-स्ट्राइक निर्णयाला आव्हान देण्याची पद्धत मेजर लीगमध्ये आली, त्यात झोन प्लेटच्या मध्यावर मोजतात. वरची मर्यादा बॅटरच्या उंचीच्या ५३.५ टक्के, खालची २७ टक्के. आव्हान फक्त पिचर, कॅचर (प्लेटमागे चेंडू झेलणारा) किंवा बॅटरच देऊ शकतो, डगआउटमधून (संघाच्या बाकावरून) इशारा चालत नाही. कॅचरचा ग्लव्ह कुठे थांबला यावरून मत बनवू नये. तो चेंडू प्लेट ओलांडल्यानंतरची जागा दाखवतो, आणि चांगला कॅचर ग्लव्ह हलकेच आत ओढतोच.

आता स्टार्टर लवकर का जातो. २०२० च्या वर्ल्ड सिरीजच्या (मेजर लीगच्या अंतिम मालिकेच्या) सहाव्या लढतीत टॅम्पा बेचा ब्लेक स्नेल सहाव्या इनिंगमध्ये १-० ने पुढे होता. ७३ चेंडू, नऊ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), फक्त दोन हिट (बेस मिळवून देणारे फटके). समोरच्या डॉजर्स संघाच्या पहिल्या तीन बॅटरना त्याने सहा वेळा गाठलं आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट केलं. दुसरी हिट बसताच मॅनेजर केव्हिन कॅशने त्याला काढलं. बदली पिचर निक अँडरसन आला, मुकी बेट्सने डबल (दोन बेसचा फटका) मारला, वाइल्ड पिचवर (कॅचरच्या हाताबाहेर गेलेल्या चेंडूवर) बरोबरी झाली आणि त्याच इनिंगमध्ये डॉजर्स पुढे गेले. शेवट ३-१. निर्णयाची टर उडवणं सोपं आहे. त्यामागचा हिशेब असा की बॅटर तिसऱ्यांदा त्याच पिचरसमोर येतो तेव्हा त्याचा फटका सुधारतो, कारण चेंडूचे आकार त्याने पाहिलेले असतात आणि पिचर थकलेला असतो. सरासरीला हे खरं आहे. स्नेल त्या रात्री सरासरीच्या कितीतरी वर होता, म्हणून मला तो निर्णय चुकीचाच वाटतो. पण त्याला बावळटपणा म्हणून मोकळं होणाऱ्या समालोचनाने प्रेक्षकाला काहीच दिलं नाही.

हा हिशेब सगळ्यांनी मान्य केल्याचा परिणाम पाहा. १९६८ साली बॉब गिब्सनने ३४ लढती सुरू केल्या आणि २८ स्वतः पूर्ण केल्या. २०२४ च्या हंगामात तीसही संघांच्या मिळून पूर्ण लढती झाल्या २८. पाच इनिंगच टाकायच्या आहेत हे ठाऊक असलेला पिचर राखून टाकेल कशाला? प्रत्येक चेंडू जिवाच्या आकांताने.

त्याची किंमत कोपर मोजतं. हात मागे सर्वांत जास्त वळतो त्या क्षणी कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर प्रचंड पिळ पडतो. तो एकट्याने सोसायचा तर अस्थिबंध तुटेल, म्हणून कोपराखालच्या, मनगट वळवणाऱ्या स्नायूंनी वाटा उचलावा लागतो. ते थकले की भार पुन्हा अस्थिबंधावर. व्यायामाने स्नायू वाढतात, अस्थिबंध त्या प्रमाणात वाढत नाही. डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये पिचर टॉमी जॉनवर हा अस्थिबंध नव्याने बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया केली, तो १९७६ मध्ये परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. त्या यशामुळेच आज दुखापत सोसण्याजोगी वाटू लागली. मेजर लीगने २०० हून अधिक जाणकारांशी बोलून डिसेंबर २०२४ मध्ये अहवाल काढला. त्यात बोट ठेवलंय ते वेगाच्या मागे लागण्यावर, आकाराच्या हव्यासावर आणि सतत पूर्ण ताकद लावण्यावर. पिच क्लॉक (दोन चेंडूंमधली वेळ मर्यादित करणारं घड्याळ) २०२३ मध्ये आला. विश्रांती कमी झाल्याचा काही परिणाम होत असेलही, पण वेग आणि दुखापती त्याच्या कितीतरी आधीपासून चढत्या होत्या.

पाहणाऱ्याने लक्ष कुठे द्यावं? पहिल्या इनिंगच्या तुलनेत फास्टबॉल दीड-दोन मैलांनी उतरला का, चेंडू सुटण्याची जागा खाली आली का, आणि चुका कुठल्या बाजूला होताहेत. उजव्या हाताच्या पिचरचे फास्टबॉल वर आणि उजव्या हाताच्या बॅटरच्या अंगावर जायला लागले, तर समोरचा खांदा आधी उघडतोय आणि हात मागे रेंगाळतोय. स्लायडर (आडवा वळणारा चेंडू) प्लेटच्या मध्यावर लटकू लागला की बोटं चेंडूच्या वरपर्यंत पोहोचत नाहीत. बुलपेनमध्ये (बदली पिचर तयारी करतात तिथे) हालचाल सुरू होण्याआधी हे दिसतं.

आणि कधीतरी सॅन फ्रान्सिस्कोचा लोगन वेब पाहावा. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही हंगामांत त्याने २०० हून अधिक इनिंग टाकल्या. त्याचा सिंकर (खाली घसरणारा फास्टबॉल) ९२ च्या आसपासचा, जोडीला चेंजअप (फास्टबॉलसारखा भासणारा मंद चेंडू) आणि स्वीपर, हाताचा कोन खालचा. सिंकर आणि चेंजअप गुडघ्याशी घसरतात, बॅटर चेंडूचा वरचा भाग मारतो आणि चेंडू जमिनीवरून इन्फिल्डरकडे जातो. थोड्या चेंडूंत बाद मिळतो, म्हणूनच तो सातव्या इनिंगपर्यंत टिकतो.