सोळा खोल्या, एक कर्ज आणि दिल्लीतली फेडरेशन

महाबळेश्वरात पावसाळ्यात हॉटेल बंद ठेवायची आम्हाला सवय आहे. खिडक्यांना प्लास्टिक बांधायचं, गाद्या वरच्या मजल्यावर रचायच्या, माणसांना गावाकडे पाठवायचं. पण एप्रिल-मे महिन्यात कुलूप? अण्णांच्या चाळीस वर्षांच्या धंद्यात ते कधी झालं नव्हतं. आमचा वर्षाचा संसार त्या दोन महिन्यांवर चालतो. २०२०चा उन्हाळा कुलपातच गेला. कुलूप उघडून मी खोल्या बघायला जायचो तेव्हा पलंगपोस जिथल्या तिथे असायचे, फक्त वास बदललेला असायचा.

सोळा खोल्या, अकरा माणसं आणि २०१७ साली नूतनीकरणासाठी काढलेलं कर्ज. २९ फेब्रुवारी २०२० रोजी त्यातले ४२ लाख शिल्लक होते. ही तारीख मला जन्मतारखेसारखी पाठ आहे, कारण पुढे सगळं तिच्यावरच ठरलं.

त्याआधी थोडं संघटनेबद्दल. फेडरेशन ऑफ हॉटेल अँड रेस्टॉरंट असोसिएशन्स ऑफ इंडिया ही १९५५ सालची देशपातळीवरची संघटना. तिचे चार विभाग आहेत. आपण पश्चिम विभागात येतो, म्हणजे मुंबईतल्या हॉटेल अँड रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ वेस्टर्न इंडियाकडे. हे मोठ्या पंचतारांकित मंडळींचं काम, आपला काय संबंध, असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो. माझं मत बदललं ते जीएसटीमुळे. जुलै २०१७ मध्ये आमच्या २,८०० रुपयांच्या खोलीवर १८ टक्के कर बसला. ७,५०० च्या वरच्या खोल्यांना तर २८ टक्के होता. गिऱ्हाईक बिल बघून कपाळाला आठ्या घालायचं. २० सप्टेंबर २०१९ रोजी गोव्यात जीएसटी परिषदेची बैठक झाली आणि १ ऑक्टोबरपासून आमचे १८ चे १२ झाले, वरच्यांचे २८ चे १८. मला वाटलं सरकारने आपणहून दिवाळी दिली. आमच्या सीए काकांनी सांगितलं, दोन वर्षं हॉटेलवाल्यांच्या संघटना आकडे घेऊन त्यांच्या दारात बसल्या होत्या. त्याच नोव्हेंबरात मी परवान्यांच्या प्रती जोडून सभासदत्वाचा अर्ज भरला. चार महिन्यांनी टाळेबंदी लागली.

टाळेबंदीत मला पहिल्यांदा कळलं की संघटना रोज नेमकं काय करते. सरकारी आदेश रात्री निघायचे, आणि तेही इंग्रजीत, चार-चार खात्यांचे. सकाळपर्यंत संघटनेकडून परिपत्रक यायचं: यातलं तुम्हाला काय लागू आहे, काय नाही. ८ जुलैपासून राज्यात लॉज एकतृतीयांश क्षमतेने उघडायला परवानगी मिळाली, रेस्टॉरंटला ५ ऑक्टोबरपासून निम्म्या क्षमतेने. सोळातल्या पाच खोल्या, आणि त्याही महाबळेश्वरच्या जुलैच्या पावसात! आम्ही उघडलं नाही. पण नियम समजला होता, त्यामुळे निर्णय आमचा होता.

हप्त्यांना ऑगस्टअखेरपर्यंत स्थगिती होती, पण व्याज चालूच होतं. महिन्याला अडतीस हजार. व्याजावरच्या व्याजाची सवलत नोव्हेंबरात खात्यावर जमा झाली, ती जेमतेम पाच हजारांच्या आसपास. अण्णा पासबुक बघून काहीच बोलले नाहीत.

केंद्राची आपत्कालीन पतहमी योजना, म्हणजे सरकारच्या हमीवर बँकेचं जादा कर्ज, मे २०२० मध्येच आली होती. २९ फेब्रुवारीला शिल्लक असलेल्या कर्जाच्या २० टक्के, म्हणजे मला ८ लाख ४० हजार मिळाले असते. मी नको म्हटलं. चार वर्षांची मुदत, त्यात पहिलं फक्त एक वर्ष मुद्दलाचा हप्ता नाही. जो धंदा एका वर्षात उभा राहील की नाही हेच माहीत नाही, त्याने हा हप्ता कुठून भरायचा? अशीच अडचण देशभरच्या हॉटेलवाल्यांची होती. दिल्लीत अर्थखात्याकडे आणि रिझर्व्ह बँकेकडे निवेदनांवर निवेदनं जात होती. फेडरेशन एकटी नव्हती, पर्यटनातल्या इतरही संघटना होत्या. शेवटी ३१ मार्च २०२१ रोजी योजनेचा तिसरा भाग जाहीर झाला, खास हॉटेल, प्रवास आणि पर्यटन व्यवसायासाठी. शिल्लक कर्जाच्या ४० टक्क्यांपर्यंत रक्कम, सहा वर्षं मुदत, त्यात पहिली दोन वर्षं मुद्दलाचा हप्ता नाही. ज्याने नुसतंच 'मदत करा' म्हटलं असतं त्याला हे मिळालं नसतं. किती टक्के, किती वर्षं, हे कुणीतरी मांडून सांगावं लागतं.

मी परिपत्रक वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी बँकेत गेलो. व्यवस्थापक म्हणाले, "ती योजना गेल्या वर्षीच संपली. आणि लॉजला नाही ती." मी परत आलो. पंधरवड्यात राज्यात पुन्हा संचारबंदी लागली, सलग दुसरा उन्हाळा गेला. अर्जाची मुदत होती ३० जूनपर्यंत.

मग मी मुंबईच्या कार्यालयात फोन केला. एका बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मार्गदर्शक सूचनांची पूर्ण प्रत पाठवली आणि म्हणाल्या, "काउंटरवर वाद घालू नका. लेखी अर्ज द्या, कलमाचा उल्लेख करा आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका." हे वाक्य मी तेव्हापासून कितीजणांना सांगितलं असेल!

दुसऱ्या खेपेला प्रश्न निघाला थकबाकीचा. २९ फेब्रुवारीला माझा एक हप्ता २२ दिवस उशिरात होता. व्यवस्थापकांनी फाईल मिटली. मी सूचनांमधली ओळ दाखवली: ६० दिवसांपर्यंत चालतं. त्यांनी फाईल पुन्हा उघडली. तिसऱ्या खेपेला जावळीतल्या शेतजमिनीचा सातबारा मागितला. अण्णा लगेच कपाटाकडे निघाले, मी त्यांना थांबवलं. या योजनेत नवीन तारण मागायचं नाही, प्रक्रिया शुल्क घ्यायचं नाही आणि बँकेने ९.२५ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावायचं नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं. कारण हमी सरकारची होती. मी जर एकटा असतो, हातात तो कागद नसता, तर त्या दिवशी जमीन अडकली असती. त्या विचाराने अजूनही पोटात गोळा येतो.

मेअखेरीस मुदत ३० सप्टेंबरपर्यंत वाढली तेव्हा श्वास घेतला. जीएसटीची विवरणपत्रं, दोन वर्षांचे ताळेबंद, उद्यम नोंदणी, सगळं काकांनी लावून दिलं. जुलैच्या शेवटी १६ लाख ८० हजार मंजूर झाले.

संघटनेचं सगळंच मला पटतं असं नाही. रेस्टॉरंटच्या बिलात लावायच्या सेवा शुल्काच्या प्रश्नावर फेडरेशन दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि मार्च २०२५ मध्ये निकाल ग्राहकांच्या बाजूने लागला. मला तो निकाल योग्य वाटतो. गिऱ्हाइकाने खुशीने द्यावं, बिलात घालून वसूल करू नये. हे मी सभेतही बोललो. वर्गणी मात्र कधी चुकवली नाही.

पैसे आल्यावर पहिल्यांदा थकलेले पगार दिले. मग सगळ्या गाद्या बदलल्या, दोन पावसाळे बंद राहिलेल्या गाद्यांची बुरशी उन्हाने जात नाही. आमचे गुजराती जेवण करणारे महाराज गावी भाजी विकत होते, त्यांना आणायला मी स्वतः गेलो. त्या दिवाळीत चौदा खोल्या भरल्या.

मुद्दलाचा हप्ता ऑगस्ट २०२३ पासून सुरू झाला, महिन्याला ३५ हजार. पहिला हप्ता भरायला अण्णा बँकेत सोबत आले होते. त्यांनी पावती घेतली, चष्मा लावून आकडा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवली.