आज भिंगातून ग्रॅनाइट बघितला
आज दुपारभर भिंग घेऊन दोन दगड बघत बसले, एक ग्रॅनाइट एक बेसाल्ट, खरंच भारी वाटलं! ग्रॅनाइटमध्ये काचेसारखे क्वार्ट्झचे दाणे, गुलाबी फेल्डस्पार, मधेच चमकणारा काळा अभ्रक, सगळं सुटं सुटं दिसतं कारण तो जमिनीखाली खोलवर हजारो-लाखो वर्षं सावकाश थंड झालाय, स्फटिकांना वाढायला वेळच वेळ. बेसाल्टचा लाव्हा बाहेर येतो साधारण ११००-१२०० अंश सेल्सिअसला आणि पटकन गोठतो, म्हणून दाणे एकदम बारीक. आणि जमिनीखाली मॅग्माचा, म्हणजे वितळलेल्या खडकाचा, समुद्र वगैरे नसतो हां, प्रावरण (पृथ्वीच्या कवचाखालचा जाड थर) जवळजवळ सगळं घनच असतं, ते वर सरकताना दाब कमी झाला किंवा त्यात पाणी शिरलं की थोडासाच भाग वितळतो, आणि तेवढ्यावर एवढाले ज्वालामुखी उभे राहतात!