दाभोळच्या खाडीवरची लारी

यंदाची नोंद लिहायला उशीर झाला. आंब्याचा हंगाम लांबला, आणि नाण्यांच्या लिलावांचे कॅटलॉगही नेमके पेट्या भरायच्या दिवसांत येऊन पडले. पण लिहायला भरपूर आहे, कारण चार वर्षं जिच्या मागे होतो ती लारी, म्हणजे चांदीच्या तारेचं जुनं नाणं, अखेर मिळाली.

आधी मागच्या नोंदीत ठरवलेलं किती पाळलं ते सांगतो. पसारा कमी करायचा होता, तो केला. मोगली रुपये, उत्तरेकडच्या संस्थानांची तांब्याची नाणी, हौसेपोटी घेतलेली पितळी दौत, सगळं ज्यांना त्यात गोडी आहे अशांकडे गेलं. आता नियम एकच: जे नाणं कोकणातल्या बंदरात किंवा खाडीकाठच्या बाजारपेठेत चाललं असं खात्रीनं सांगता येईल, तेवढंच घ्यायचं. पैसेही आंब्यातून खर्च वजा जाता उरतील तेवढेच. बोली लावण्याआधी मी कागदावर आकडा लिहितो आणि हातोडीच्या किमतीवर, म्हणजे शेवटच्या बोलीवर, चढणारा लिलाववाल्यांचा प्रीमियम आणि कर त्यातच धरतो. सुरुवातीची दोन वर्षं हे न धरता बोली लावत होतो आणि बिल आलं की तोंडचं पाणी पळायचं.

आता लारीबद्दल. नवीन मंडळींसाठी सांगतो, ही गोल नसते. चांदीची तार मधोमध दुमडायची, दोन्ही पाय जवळ आणायचे, थोडे चपटे करायचे आणि त्यावर ठसा मारायचा. दिसायला थेट केसातल्या आकड्यासारखी. नाव इराणच्या दक्षिणेकडच्या लार शहरावरून आलं. होर्मुझच्या व्यापाराबरोबर ती अरबी समुद्रभर पसरली, मालदीव आणि श्रीलंकेपर्यंत चालली, आणि विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहानं आपल्या नावानं पाडली. त्याची कारकीर्द १६५६ ते १६७२. विजापूरचा समुद्रावरचा व्यापार ज्या बंदरांतून चाले त्यांत दाभोळ मोठं. धोपाव्याहून फेरीबोटीनं पलीकडे जाताना अंडा मशिदीचा घुमट दिसायला लागला की मला दर वेळी या तारा आठवतात. घोडे, कापड, मिरी यांचे सौदे याच धक्क्याच्या आसपास झाले असतील आणि कुणीतरी अशा तारा तराजूत टाकून मोजून घेतल्या असतील.

माझी लारी ४.७ ग्रॅमची आहे. चांगल्या लाऱ्या साधारण ४.६ ते ४.९ ग्रॅममध्ये बसतात, त्यामुळे वजनाला बरोबर. एका पायावर छिन्नीचा बारीक घाव आहे. कॅटलॉगमध्ये तो दोष म्हणून लिहिला होता आणि त्यामुळेच ती माझ्या आकड्यात बसली. मला तो घावच सगळ्यात मोलाचा वाटतो. आत चांदीच आहे की वर नुसता मुलामा, हे बघायला कुणीतरी तिथे छिन्नी लावली होती. घावाच्या तळाशी चांदी अजून उजळ आहे.

खरी गंमत ठशात आहे. ठसा तारेपेक्षा रुंद असायचा, त्यामुळे तारेवर मजकुराची एक पट्टीच उमटते आणि बाकीचा मजकूर हवेत जातो. माझ्या नाण्यावर एका बाजूला ‘आदिल’मधली अक्षरं स्पष्ट आहेत. दुसऱ्या बाजूला हिजरी सनाचे आकडे आहेत: एक, शून्य, सात. चौथा आकडा कडेवरून घसरून गेलाय. म्हणजे सन १०७० ते १०७९ यांपैकी काहीही, इसवी सनात सप्टेंबर १६५९ ते मे १६६९. एरवी हे चाललं असतं. पण फेब्रुवारी १६६१ मध्ये उंबरखिंडीत मोगलांच्या कारतलबखानाला अडवल्यावर शिवाजी महाराज कोकणात उतरले आणि दाभोळ घेतलं. हिजरी १०७१ हे वर्ष नेमकं त्या मोहिमेवर येतं. चौथा आकडा शून्य असेल, तर ही तार आदिलशाही दाभोळच्या शेवटच्या दिवसांतली. पाच-सहा असेल, तर बंदर हातातून गेल्यावरही विजापूरच्या नावाच्या लाऱ्या पडत होत्या. त्या एका आकड्यापायी मी कितीतरी रात्री पडवीत टॉर्च आडवा धरून बसलोय. तिरप्या उजेडात कडेला एक उभी रेघ जाणवते. ती आकड्याची आहे की तारेवरच्या ओरखड्याची, हे अजून ठरत नाही.

दुसरी खरेदी लहान, पण मनाजोगती. कलचुरी घराण्यातल्या कृष्णराजाचं चांदीचं नाणं, दोन ग्रॅमच्या आसपास, करंगळीच्या नखाएवढं. सहाव्या शतकाचा मधला काळ. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला बसलेला नंदी आणि भोवती ब्राह्मी अक्षरं. राजा स्वतःला परममाहेश्वर, म्हणजे शिवाचा परमभक्त, म्हणवतो, आईवडिलांच्या पायांचं ध्यान करणारा म्हणवतो. ही नाणी नाशिक-साताऱ्याकडे सापडतात तशी साष्टीतही सापडली आहेत, आणि याच राजाची तांब्याची नाणी घारापुरीला मिळाली. तिथली लेणी कुणी खोदवली या वादात त्या तांब्याच्या नाण्यांची साक्ष काढली जाते. नंदीचं वशिंड बोटाखाली अजून लागतं. दीड हजार वर्षांनी!

आता फसगत. एका लिलावातून शिवराई घेतली होती. ‘श्री राजा शिव’ ठसठशीत, मागे ‘छत्रपति’, ठिपक्यांची कडा पूर्ण. फोटोत सुंदर. हातात आल्यावर अक्षरांच्या कडा मऊ वाटल्या, साबणाची वडी वापरून गुळगुळीत होते तशा. भिंगाखाली अक्षरांच्या मधल्या जागेत सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसले. तरी मन मानत नव्हतं. दोन महिन्यांनी दुसऱ्याच विक्रीत एक शिवराई बघितली, तिच्या ‘जा’च्या कान्याला अगदी तिथेच, तेवढीच खोच होती. एकाच ठशाची दोन नाणी असू शकतात, पण वापरात पडलेली खोच दोन नाण्यांवर एकाच जागी येत नाही. दोन्ही एका साच्यातून ओतलेली. परत पाठवायला खूप पत्रव्यवहार करावा लागला, पैसे मिळाले ते निम्मेच. खोटं नाणं मी मुद्दाम ठेवून घेतलंय, त्याच्या पाकिटावर लाल शाईनं ‘ओतीव’ लिहून, म्हणजे माझ्यामागे कुणी ते खरं म्हणून विकणार नाही.

खरी शिवराई माझ्या घरात होतीच. आजीच्या देव्हाऱ्यातली. दर दिवाळीला ती चिंचेनं आणि राखेनं घासून लक्ष्मीपूजनाला ठेवायची. आता तिच्यावर फक्त ‘राजा’ दिसतं, तेही उन्हात तिरकं धरलं तर. बाजारात तिला किंमत नाही. पण माझ्याकडच्या नाण्यांपैकी ती कुठून आली आणि कुणाच्या हातात होती, हे मला पूर्ण सांगता येईल असं तेवढंच एक. म्हणून प्रत्येक नाण्यासोबत मी आता कार्ड ठेवतो: कुठल्या विक्रीतून, कोणता लॉट, आधी कुणाकडे, वजन किती. कार्ड नाही असं नाणं माझ्या डब्यात जात नाही.

साठवणुकीबद्दल थोडं, कारण आपल्याकडचं खारं वारं तांब्याला वैरी आहे. आगोटीनंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या १७९४ च्या तांब्याच्या नाण्यावर, तराजू आणि ‘अदल’ (न्याय) शब्द असलेल्या बाजूला, फिकट हिरवी पूड आली. पूड झटकली तर दोन दिवसांत परत. हा नुसता गंज नाही, क्लोराइडचा रोग आहे, आणि हवेतली आर्द्रता ४० टक्क्यांखाली नेली तरच थांबतो. डिस्टिल्ड वॉटरमध्ये आठवडेच्या आठवडे भिजवून, पाणी बदलत राहिलो, मग पूर्ण सुकवलं. आता घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. जेल रंग बदललं की गरम करून पुन्हा सुकवतो. पीव्हीसीची मऊ पाकिटं सगळी फेकून दिली, तीही हळूहळू आम्ल सोडतात.

आणखी एक. शेजारच्या गावात कलमांचे खड्डे मारताना गड्याला मडक्यात नाणी मिळाली आणि मला बोलावणं आलं. मी गेलो, बघितली, आणि हात न लावता तहसीलदारांकडे कळवायला सांगितलं. १८७८ चा निखात निधी (पुरलेल्या धनाचा) कायदा दहा रुपयांवरच्या सापडीलाही लागू आहे, ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावीच लागते. मोह झाला नाही असं नाही. पण एक नाणं जरी बाजूला गेलं असतं तरी ते मडकं कोणत्या वर्षी पुरलं हे कळायची वाट बंद झाली असती.

पुढच्या हंगामात काही घेणार नाही. लारीच्या त्या चौथ्या आकड्याचं काम करायचंय. ज्यांच्याकडे दुसऱ्या अलीच्या लाऱ्या आहेत, त्यांनी सनाच्या बाजूचा फोटो डावीकडून उजेड टाकून काढावा. माझ्या नाण्यावर सातच्या डोक्याला ठशाची बारीक चीर आहे, उजवीकडे वर जाणारी. तीच चीर दुसऱ्या कुठल्या तारेवर दिसली, आणि तिथे ठसा केसभर सरकून बसला असेल, तर आकडा वाचता येईल.